टिनातलं फळ, फ्रीझरमधलं फळ आणि दोन वर्षांचं मूल

सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या पाळणाघरात मी मुलं सांभाळते. आया पलीकडच्या शेडमध्ये शिलाईला, पॅकिंगला असतात आणि मुलांचे डबे माझ्या हातून उघडतात. डब्यात काय येतं आणि त्यातलं मुलाला काय मानवतं, हे रोज डोळ्यांसमोर असतं, म्हणून लिहिते आहे.

एका आईला दिवाळीच्या भेटीत फ्रूट कॉकटेलचा टिन मिळाला होता. तिच्या दोन वर्षांच्या मुलाला त्यातली फळं आवडली, आणि फळांहून त्यातला पाक जास्त आवडला. मग रात्री झोपताना तोच पाक पाण्यात कालवून दुधाच्या बाटलीतून जाऊ लागला. टिन संपला की दुसरा यायचा. काही महिन्यांनी पोराच्या वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत पांढरट पट्टे दिसले, ते हळूहळू तपकिरी झाले. भाकरीचा तुकडा चावताना तो कळवळायचा. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे तोंडातला गोडवा धुतला जात नाही आणि दात रात्रभर त्यातच राहतात, असं दातांच्या डॉक्टरांनी समजावलं आणि बाटली बंद करायला लावली. त्या आईला मी अजिबात दोष देत नाही. टिनावर अननस, पपई, द्राक्षांची चित्रं होती. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या बाईला वाटलं, निदान पोराच्या पोटात फळ तरी जातंय.

तेव्हापासून माझ्याकडे टिन आला की आधी मागचा बारीक मजकूर वाचते. जो घटक वजनाने जास्त, तो यादीत आधी लिहावा लागतो. फळाच्या पाठोपाठ साखर दिसली की काय ते समजावं. शेजारच्या पोषणाच्या तक्त्यात वरून घातलेल्या साखरेचा आकडाही असतो. समजा १०० ग्रॅमला १५ ग्रॅम लिहिलं आहे, तर एका छोट्या वाटीत तीन चहाचे चमचे साखर गेली. दोन वर्षांखालच्या मुलाला वरून साखर देऊच नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये दोन वर्षांपर्यंत पॅकबंद रसही नको म्हटलं आहे. टिनातला पाक तर रसाहून गोड.

पण टिनातलं फळ वाईटच, असं मी म्हणणार नाही. डबाबंद करताना उष्णतेने क जीवनसत्त्व बरंच कमी होतं, काही पाकात उतरतं. चोथा मात्र राहतो, आंब्या-पपईतलं अ जीवनसत्त्वही बऱ्यापैकी टिकतं. साध्या पाण्यातलं किंवा फळाच्याच रसातलं, साखर न घातलेलं फळ मिळालं तर अडीनडीला द्यायला हरकत नाही. पाकातलंच घरात असेल तर पाक ओतून द्या, फोडी चाळणीत पाण्याखाली धुवा. साखर सगळी जात नाही, पण बरीच जाते. फुगलेला, गळका, शिवणीवर चेपलेला टिन उघडूसुद्धा नका. उघडलेल्या टिनातलं उरलेलं फळ स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात काढून फ्रीजमध्ये ठेवा.

फ्रीझरमधल्या फळाबद्दल बायकांच्या मनात उगाच अढी असते. ‘बर्फातलं, शिळं’ म्हणतात. खरं तर पिकलेलं फळ काढल्यावर लवकर गोठवलं तर त्यातली जीवनसत्त्वं, चार दिवस गाड्यावर उन्हात राहिलेल्या फळाइतकी किंवा जास्तच टिकतात. साखर न घातलेलं गोठवलेलं फळ मुलाला चांगलं आहे. घरी सीताफळाचा गर, हापूस-केशरचा रस साखर न घालता गोठवता येतो, आणि बिया तेव्हाच काढून होतात.

धोका दोन ठिकाणी आहे. पहिला सोलापूरच्या उन्हाळ्याचा. पारा चाळिशीपार गेलेला असतो आणि दुपारी तास-तास लाइट नसते. गोठवलेलं फळ उणे १८ अंशांवर राहायला हवं. ते वितळून पुन्हा गोठलं तर डोळ्याला कळत नाही. यासाठी सोपी युक्ती आहे. वाटीत पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवा. बाहेरगावाहून आल्यावर नाणं तळाशी दिसलं, तर मागे फ्रीझरमधलं सगळं वितळून गेलं होतं. मग ते फळ मुलाला नको. दुकानात पाकीट हाताने दाबून बघा. फोडी सुट्या लागल्या तर ठीक, सगळा एक दगड झाला असेल तर तो वाटेत वितळला असण्याची शक्यता आहे.

शिवाय गोठवल्याने जंतू मरत नाहीत. डाळिंब म्हटलं की आपण निर्धास्त असतो. ते आपल्या जिल्ह्याचं फळ, त्याचं राष्ट्रीय संशोधन केंद्र केगावला आहे. पण २०१३ मध्ये अमेरिकेत गोठवलेल्या बेरींच्या एका मिश्रणातून १६५ जणांना हिपॅटायटिस ए, म्हणजे कावीळ झाली, आणि तपासात बोट गेलं ते त्यातल्या तुर्कस्तानातून आलेल्या डाळिंबाच्या दाण्यांकडे. म्हणून विकतचे गोठवलेले दाणे, बेरी लहान मुलाला द्यायच्या तर पातेलीत मिनिटभर उकळी आणा, गार करा, मग द्या. क जीवनसत्त्व थोडं जाईल, जाऊ द्या.

दुसरा धोका घशाचा, आणि त्याची मला जास्त धास्ती आहे. एकदा डब्यात आंब्याच्या गोठलेल्या चौकोनी फोडी आल्या. दीड वर्षाच्या मुलीने माझी नजर जरा दुसऱ्या मुलाकडे वळताच एक तोंडात टाकली. कडक, निसरडी फोड घशाशी गेली. ती खोकत होती, म्हणून आम्ही तिला पुढे वाकवून खोकू दिलं आणि फोड बाहेर पडली. मूल खोकतंय, रडतंय तोवर तोंडात आंधळेपणाने बोट घालू नये, फोड आणखी आत ढकलली जाते. आवाजच बंद झाला, तर मात्र वेळ घालवू नका. पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळव्याने पाच जोरकस थापा, आणि कुणाला तरी त्याच वेळी १०८ ला फोन करायला सांगा. पुढची कृती प्रत्यक्ष शिकून घ्यावी लागते. तान्ह्या बाळाची वेगळी आणि वर्षावरच्या मुलाची वेगळी. आमच्या पाळणाघरात ती डॉक्टरांकडून शिकवून घेतली.

त्यामुळे फळ ताजं असो, टिनातलं असो की फ्रीझरमधलं, ते मऊ हवं. गोठलेलं पूर्ण वितळून चमच्याने कुस्करा. द्राक्षं उभी चार फाकांत चिरा. डाळिंबाचे दाणे चिरडा. बोराची आठळी तुमच्या हाताने काढा. मूल बसलेलं असावं, आणि खाताना मोठं माणूस समोर.

आता आया विचारतात, मग रोज काय देऊ? मी म्हणते, कारखान्याबाहेरच्या गाड्यावरचं केळं घ्या. पाणी लागत नाही, सुरी लागत नाही, साल सोलली की आत स्वच्छ. पपई मिळाली तर फारच छान. पेरू असेल तर बिया काढून वाफवून कुस्करा. यातलं काहीच मिळत नसेल तर साखर न घातलेला गोठवलेला गर चालेल. गोड पाकाचा टिन घरात भेट म्हणून आलाच, तर मोठ्यांनी खावा.