तमक श्वासाचे व्यंजक हेतू : कोकणातील घर, वारा आणि औषधांची पिशवी

तमक श्वासाचा रुग्ण समोर बसला की आपल्यापैकी बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : दही खाता का? केळी, थंड पाणी, आंबवलेले पदार्थ? प्रश्न अयोग्य नाही. परंतु चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील 17व्या अध्यायात हिक्का-श्वासाचे हेतू सांगताना आचार्यांनी आरंभ धुळीपासून केला आहे. मग धूर व वारा, शीत स्थान व शीत जल, त्यानंतर श्रम, मैथुन, प्रवास; अन्नाचा उल्लेख याच्याही पुढे येतो. हा क्रम छंदाच्या सोयीसाठी असेल असे कोणी म्हणेल. तथापि गेली वीस वर्षे रत्नागिरीत चिकित्सा करताना प्रश्न विचारण्यासाठी हाच क्रम आमच्या उपयोगी पडला आहे.

येथे उत्पादक व व्यंजक हेतूंचा भेद ध्यानी ठेवावा. श्वसनमार्गातील शोथ व कफसंचय आधीच असतो. प्रस्तुत लेखाचा विषय त्या संचयाला वेग देऊन रात्री दोन वाजता रुग्णाला उठवून बसविणारे व्यंजक हेतू हा आहे.

रत्नागिरीत वर्षाकाठी 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतांश चार महिन्यांत. या काळात कापसाची गादी, उशी, गोधडी कधीच पूर्ण कोरडी नसते. अंथरुणात राहणारे धुळीतील सूक्ष्म कीटक हवेतील आर्द्रता 50 टक्क्यांहून अधिक असली की वाढतात. आपल्याकडे श्रावणात ती 80 च्या वर असते. भिंतीवरील बुरशीचे वेगळे सांगावयास नको. गणेशोत्सवापूर्वी माळ्यावरचे सामान काढून झाडलोट होते आणि वर्षभर बंद असलेले घर उघडून चाकरमानी मंडळी त्याच रात्री तेथे निजतात. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येणारा श्वासाचा रुग्ण अनेकदा मुंबईहून आलेला असतो, आणि तो दोष देतो मोदकांना! अशा कुटुंबांना आम्ही आता जुलैमध्येच सांगून ठेवतो : घर दोन दिवस आधी दुसऱ्या कोणाकडून उघडून घ्यावे, बुरशी कोरड्या ब्रशाने न खरवडता ओल्या फडक्याने पुसावी, रुग्णाने त्या वेळी घरात थांबू नये, अंथरुणाची व उशीची खोळ कढत पाण्यात धुऊन आणावी.

धुराच्या बाबतीत आपण वैद्यांनी थोडे आत्मपरीक्षण करावे. चूल, शिमग्याची होळी, उन्हाळ्यातील तरव्याची भाजावळ, काजू भाजण्याचा तिखट धूर यांची आपण चौकशी करतो. डासांच्या कॉईलची मात्र करीत नाही. आणि पावसाळ्यात घरोघरी गुग्गुळ-वेखंडाचे धूपन करण्यास आपणच सांगतो. धूपन निर्जंतुक हेतूने उत्तम असेल, पण श्वासाचा रुग्ण ज्या खोलीत झोपतो तेथे ते करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. द्रव्य औषधी असले म्हणून त्याचा धूर शामक ठरत नाही.

वाऱ्याविषयी एक विषयांतर. ग्रंथात मेघ, जल, शीत यांसोबत पूर्वेच्या वाऱ्याने तमक वाढतो असे म्हटले आहे. गंगेच्या खोऱ्यात पूर्वेचा वारा ओलावा आणतो. आपल्याकडे ओलावा पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो. पूर्वेचा मतलई वारा हिवाळ्याच्या पहाटे कोरडा व गार असतो. दोन्हींनी श्वास वाढतो, पण उपाययोजना एक नव्हे. पहाटे फिरावयास जाणाऱ्या रुग्णाला माघ महिन्यात नाकातोंडावर पंचा गुंडाळण्यास व ऊन वर आल्यावर निघण्यास सांगावे, एवढे पुष्कळदा पुरते.

याच दिवसांत आंब्याला मोहोर येतो. लोक मोहोराला दोष देतात. आंब्याचे परागीभवन मुख्यत्वे माश्या व इतर कीटक करतात, पराग वाऱ्यावर फार दूर जात नाहीत. मोहोराचा उग्र वास काहींना सोसत नाही हे मात्र खरे. आम्हांला अधिक चिंता वाटते ती त्या काळातील फवारण्यांची. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके तर प्रत्यक्ष श्वासनलिकांचा संकोच घडवितात. बागेत कोणत्या दिवशी फवारणी झाली हे विचारल्यावाचून इतिहास पूर्ण होत नाही. तसेच कोळंबी सोलण्या-उकडण्याच्या कामावरील स्त्रियांना सुट्टीच्या दिवशी बरे वाटते का, हे विचारावे. औषधी दुकानदार व निर्मात्यांसाठी : इसबगोलाची धूळ हे व्यवसायजन्य दम्याचे सिद्ध झालेले कारण आहे. सुटा इसबगोल वजन करणाऱ्या नोकराला कामावर असताना शिंका व खोकला येत असेल तर ते पडसे समजू नये.

आता आमची एक चूक. पासष्टीचे एक निवृत्त शिक्षक आमच्याकडे कित्येक वर्षे येत. श्वास उत्तम नियंत्रणात होता. एका हिवाळ्यात तो वाढू लागला. आम्ही दही बंद केले, रात्रीचे जेवण सूर्यास्ताला आणले, कल्प बदलले. गुरुजींनी सर्व पथ्य निष्ठेने पाळले आणि तीन महिने ते झिजत गेले. अखेर त्यांच्या सूनबाई औषधांची पिशवी घेऊन आल्या व संकोचाने म्हणाल्या, “डॉक्टर, हे डोळ्यांचे थेंबपण औषधात धरायचे का?” ते काचबिंदूसाठीचे टिमोलॉलचे थेंब होते. बीटा-रोधक वर्गातील हे द्रव्य डोळ्यातून रक्तात शोषले जाते व दम्याच्या रुग्णात तीव्र श्वासनलिका-संकोच घडवू शकते. थेंब परस्पर बंद न करता आम्ही त्यांच्या नेत्रतज्ज्ञांना त्याच दिवशी दूरध्वनी केला. औषध बदलले गेले आणि काही दिवसांतच श्वास पूर्ववत झाला. पथ्य मोडल्याचा संशय आम्ही त्यांच्यावर घेतला होता. तेव्हापासून प्रत्येक रुग्णाला आम्ही पिशवी उपडी करावयास सांगतो. रक्तदाब व हृदयरोगावरील गोळ्याही त्यात पहाव्यात. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी काही रुग्णांत तासा-दोन तासांत वेग येतो. अंगदुखीची गोळी मागणाऱ्यास ‘दमा आहे का’ एवढे तरी काउंटरवर विचारले जावे.

दुकानदारांच्या हाती आणखी एक सूचक असतो. एकच रुग्ण सालब्युटामॉलचा फवारा पुनःपुन्हा नेत असेल, वर्षाला 3 वा अधिक, तर तीव्र वेगाचा धोका वाढलेला आहे असे समजावे. केवळ या तात्कालिक फवाऱ्यावर प्रौढ रुग्णाची चिकित्सा करू नये, अशी जागतिक मार्गदर्शक सूचना 2019 पासून आहे. चालू असलेला स्टेरॉइडयुक्त फवारा आपल्या औषधाच्या भरवशावर अचानक थांबविणे हादेखील एक व्यंजक हेतूच होय, आणि तो आपल्या हातून घडतो. ज्या रुग्णाला एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतात किंवा फवाऱ्यानेही उतार पडत नाही, त्याच्यासाठी काढा उकळत बसू नये. बसलेल्या स्थितीतच ठेवून 108 क्रमांकास बोलवावे व प्राणवायूची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे, सोबत औषधांची पिशवी द्यावी.