मानेचा एमआरआय आणि माझी करंगळी

सर्जननी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, रिपोर्टच्या शेवटच्या चार ओळी वाचल्या आणि विचारलं, "मेडिक्लेम आहे ना?" माझ्या हाताला त्यांनी स्पर्शही केला नाही. मी परत परत सांगत होते, "डॉक्टर, मुंग्या करंगळीत येतात." त्यावर उत्तर, "ताई, एमआरआय खोटं बोलत नाही. गादी झिजलीय, नस दबलीय. तारीख घेऊन टाका."

सी ५ आणि सी ६ या मणक्यांमधली माझी गादी फिल्मवर काळी दिसत होती, हे खरंच. एमआरआयच्या टी-२ प्रकारच्या चित्रात पाणी पांढरं दिसतं. वयाबरोबर गादीतलं पाणी आटतं आणि ती काळपट होते. रिपोर्टात त्याला 'डिस्क डेसिकेशन' असं भारदस्त नाव असतं आणि ते वाचूनच माणूस अर्धा खचतो. पण जपानमध्ये मानेची कसलीही तक्रार नसलेल्या १२११ जणांचे एमआरआय काढले, तेव्हा ८७.६ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या. विशीतल्या पोरांमध्येसुद्धा सत्तर टक्क्यांच्या वर! ही पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली आहे. मानेची ऑपरेशनं करणाऱ्या माणसाला ती ठाऊक नसावी?

दुसऱ्या डॉक्टर एक न्यूरॉलॉजिस्ट बाई होत्या. त्यांनी आधी एमआरआयचं पाकीट उघडलंच नाही. मला डोळे मिटायला लावून एकेका बोटावरून कापूस फिरवला. अंगठा ठीक, तर्जनी ठीक. करंगळी बधिर, आणि अनामिका फक्त करंगळीकडच्या बाजूने बधिर. मग कोपराच्या आतल्या बाजूच्या खोबणीवर बोटाने हलकेच ठोकलं, तशी झिणझिणी थेट करंगळीच्या टोकापर्यंत गेली. "त्या गादीने नस दाबली, तर ती सहावी नस. ती अंगठ्याकडे जाते," त्या म्हणाल्या. "तुमची नस कोपरात दबलीय." मला तिथेच रडू फुटलं. पुढे नर्व्ह कंडक्शन टेस्टमध्येही तेच निघालं. रात्री कोपर सरळ ठेवणारा पट्टा बांधला, टेबलावर कोपर टेकणं बंद केलं आणि हळूहळू मुंग्या गेल्या.

त्या टेस्टचा रिपोर्ट घेऊन मी मुद्दाम सर्जनकडे गेले. "गादी तर खराब आहेच ना, आज ना उद्या करावंच लागेल," म्हणाले. चूक झाली, एवढं म्हणायला काय जात होतं?

म्हणून सांगते, डॉक्टरांकडे जाण्याआधी कागदावर हाताचा पंजा काढा आणि बधिर भाग रंगवून न्या. 'रिपोर्टातली ही गादी माझ्या या बोटाशी जुळते का?' असं सरळ विचारा. उत्तर टाळलं तर उठा. एमआरआय सेंटरमधून सीडी मागून घ्याच, फिल्मवर निवडक चित्रंच असतात. दुसरं मत घ्यायला लाजू नका. चालणं-फिरणं सुरू ठेवा.

मात्र शर्टाची बटणं लावता येईनाशी झाली, चालताना तोल जाऊ लागला, लघवीवरचा ताबा सुटला, तर एक दिवसही थांबू नका. तिथे मज्जारज्जूवर दाब असू शकतो. एमआरआय लागतोच आणि ऑपरेशनही लागू शकतं. मला यातलं काही होत नव्हतं. त्या सर्जननी ते विचारलंही नव्हतं.