त्वचेची निगा : वर्गातील एक नित्यपाठ

प्राथमिक शाळेतील आरोग्याच्या पाठात दात, डोळे व नखे यांना हक्काचे स्थान मिळते. त्वचा मात्र बहुधा 'रोज आंघोळ करावी' या एका वाक्यात आटोपली जाते. वस्तुतः त्वचा हे शरीराचे सर्वांत मोठे इंद्रिय होय. मुलाच्या अंगावर काय चालले आहे हे वैद्यापेक्षा आधी शिक्षकाच्या दृष्टीस पडते, कारण मूल दिवसाचे पाच-सहा तास त्याच्यासमोर बसलेले असते.

श्रीगोंदे तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. घोड व कुकडीच्या कालव्यांनी येथे ऊस व लिंबू पिकू लागले, तरी हवा कोरडीच राहिली. मार्गशीर्ष-पौषात मुलांचे ओठ फुटतात, गाल खरखरीत होतात, हातपाय उलतात आणि टाचांना भेगा पडतात. याचे कारण मुलांना चामड्याच्या दृष्टांताने चटकन समजते. नव्या वहाणेचा पट्टा तेलपाण्याने मऊ राहतो, उन्हात टाकला की ताठरतो व तडकतो. गावातील चर्मकार कारागिराला हे ज्ञान परंपरेने असते. त्यास शाळेत बोलावून दोन तुकड्यांवर, एक तेल लावलेला व एक कोरडा, हा प्रयोग करून दाखविल्यास पाठ्यपुस्तकातील चार पानांचे काम होते. फरक इतकाच की चामडे निर्जीव असते, तर त्वचा स्वतःच स्वतःला तेल पुरविते. बाह्यत्वचेच्या पेशी तळाशी जन्मतात, सुमारे चार आठवड्यांत वर सरकतात व झडून जातात. या पेशींच्या मधील स्निग्ध थर आतील ओलावा धरून ठेवतो.

हा थर मुलांच्याच हातून कसा नाहीसा होतो, हे पाहण्यासारखे आहे. थंडीत बंबाचे कढत पाणी अंगावर घेतले जाते व त्यावर कपडे धुण्याचा साबण चोळला जातो. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, साबण अल्कधर्मी असतो. त्यातच विंधनविहिरीचे पाणी जड असले तर साबणाचा चिकट साका अंगावर बसतो आणि मूल तो काढण्यासाठी वजरीने अंग घासते. अशा स्नानाने मळाबरोबर रक्षणही धुऊन जाते. म्हणून पाणी कोमट असावे, स्नान थोडक्यात उरकावे, अंगाचा सौम्य साबण काख, जांघ, पावले व मळलेल्या भागापुरताच वापरावा आणि अंग टिपून ओलसर असतानाच खोबरेलाचे चार थेंब हातापायांवर चोळावेत. दिवाळीच्या अभ्यंगाची रीत सुंदर आहे. पण स्नानापूर्वी लावलेले पुष्कळसे तेल उटण्याबरोबर निघून जाते. रोजच्या उपयोगास स्नानानंतरचे तेलच अधिक कामाचे. पायांच्या बोटांमधील जागा मात्र तेलाविना, पूर्ण कोरडी ठेवावी.

सवय उपदेशाने लागत नाही. परिपाठापूर्वी नळावर हातपाय धुणे, स्वतःच्याच पंचाने ते पुसणे आणि शनिवारी नखे पाहणे, एवढा क्रम सहा आठवडे न चुकता चालला तर पुढे शिक्षकास सांगावे लागत नाही. आहाराविषयी थोडेच सांगणे पुरे. कोपर व गुडघ्यांवर काट्यासारखे बारीक खडे उठलेले मूल दिसल्यास त्याच्या ताटात तेलबिया व हिरवा भाजीपाला कमी आहे काय, याची चौकशी करावी. शेंगदाणे व शेवग्याचा पाला गावातच मिळतात. पाणी पुष्कळ प्याल्याने कातडी तुकतुकीत होते, ही समजूत मात्र फारशी खरी नाही.

या तालुक्यात एक इशारा विशेष आवश्यक आहे. लिंबाच्या बागा घरोघरच्या असल्याने मुले, विशेषतः वरच्या वर्गातील मुली, चेहरा उजळावा म्हणून लिंबाची फोड गालावर चोळतात व तशाच उन्हात शाळेस येतात. लिंबाच्या सालीत व रसात असे द्रव्य असते की ते त्वचेवर असताना ऊन लागल्यास भाजल्यासारखे फोड येतात व मागे काळे डाग राहतात. हे फोड एक-दोन दिवसांनी उठत असल्याने लिंबाचा संशय कोणासही येत नाही. बागेत लिंबे तोडणाऱ्या वा रस काढणाऱ्या मुलांनी उन्हात जाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत.

गोरेपणाच्या मलमांचा प्रश्न याहून गंभीर आहे. दुकानातून आणलेल्या कित्येक नळ्यांत स्टिरॉइड असते. ते लावताच खाज थांबते, चेहरा उजळ भासतो आणि घरात त्या नळीची कीर्ती होते. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, पुटकुळ्या येतात आणि गजकर्णावर ती लावली असल्यास गजकर्ण दबून अंगभर पसरते. 2018 साली केंद्र शासनाने अशी अनेक मलमे वैद्याच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरी शेजाऱ्याने दिलेली नळी कोणत्याही चिठ्ठीवाचून घरात येते. काही मलमांत पाराही आढळला असून 2023 साली केरळातील मलप्पुरम् जिल्ह्यात अशा मलमांमुळे मूत्रपिंडे बिघडल्याची प्रकरणे उघडकीस आली. त्वचेचा वर्ण हा रोग नव्हे, हे शिक्षकाने वर्गात स्पष्ट शब्दांत सांगावे. नाटुकल्यात गोऱ्या मुलीलाच राणी करण्याची सवयही सोडावी.

आता खरजेकडे वळू. दिवाळीनंतर गाळप हंगाम सुरू झाला की ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे तालुक्यात उतरतात. पालात दाटीने झोपणे, अपुरे पाणी आणि एकाच गोधडीचा वापर यांत खरूज फैलावते. हा मजुरांचा दोष नव्हे. ज्या कोणत्याही घरी माणसे अंगास अंग लावून निजतात, तेथे ती पोहोचते. तिचे कारण सुमारे अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असा किडा होय. इटलीतील बोनोमो यांनी 1687 साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, तरी 'रक्त बिघडले' ही समजूत आजही टिकून आहे. बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर, कमरेभोवती पुरळ आणि रात्री वाढणारी खाज ही तिची खूण. प्रथम लागण झाल्यावर खाज सुटण्यास चार ते सहा आठवडे लागतात. त्या अवधीत घरातील सर्वांना ती झालेली असते.

येथेच बहुतेक उपचार फसतात. औषध एकट्या मुलाला लावले जाते आणि पंधरा दिवसांत ते पुन्हा खाजवू लागते. पर्मेथ्रिनचे मलम वैद्याच्या सल्ल्याने घरातील सर्वांनी, खाज असो वा नसो, एकाच रात्री लावावे व आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा लावावे. त्याच दिवशी कपडे व अंथरुणे गरम पाण्याने धुऊन उन्हात घालावीत. धुता न येणारी गोधडी पिशवीत बांधून किमान तीन दिवस बाजूस ठेवावी, कारण माणसाच्या अंगाबाहेर तो किडा एरवी त्याहून अधिक काळ जगत नाही. किडे मेल्यावरही खाज दोन-चार आठवडे राहते, हे पालकांस आधीच सांगितले नाही तर ते औषध वारंवार लावून कातडी भाजून घेतात. खाजवून झालेल्या जखमांत जंतू शिरल्यास क्वचित मूत्रपिंडास सूज येते. म्हणून खाजणाऱ्या मुलाचा चेहरा सुजल्यास किंवा लघवी लाल झाल्यास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात धाडावे. अशा मुलास वर्गाबाहेर, पायरीवर बसवू नये. पहिला उपचार झाल्यावर दुसऱ्या दिवशी ते सर्वांबरोबर बसू शकते.

अंगावरील चट्ट्यांबाबत मात्र घाई व भीती दोन्ही टाळाव्यात. गालांवरील फिकट, किंचित खवल्यांचे डाग गावात 'जंताचे' म्हणून ओळखले जातात. ते बहुधा कोरडेपणाचे असतात व तेलाने हळूहळू मावळतात. परंतु हातापायांवर किंवा पाठीवर फिकट अथवा तांबूस चट्टा असेल, तेथे घाम येत नसेल आणि कापसाचा हलका स्पर्श मुलास कळत नसेल, तर कुष्ठरोगाची शंका घ्यावी. चट्ट्यात सुई टोचून पाहू नये. मुलाचे डोळे मिटवून, एकांतात, मुलींची तपासणी शिक्षिकेने, अशी पाहणी करावी व वर्गात त्या शब्दाचा उच्चारही करू नये. औषध शासनाकडून विनामूल्य मिळते, सहा किंवा बारा महिने घ्यावे लागते आणि सुरू केल्यावर थोड्याच काळात रुग्णापासून संसर्ग होण्याचे थांबते. उशीर झाला तर बोटे वाकतात. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघर येथे झाला. त्याचे तपासणी पथक शाळेत येईल तेव्हा अशा मुलांची नावे आधीच कागदावर तयार असावीत. आणि तोडणीवरील मूल असेल तर पथकाची वाट न पाहता पालकांस केंद्रात नेऊन, पुढील गावाचे नाव व दिलेल्या औषधाची नोंद असलेला कागद त्यांच्या हाती द्यावा.