फोर्कची कमान : मोटारसायकलच्या एका लहान भागाची घडण, चकाकी व जोडणी

मोटारसायकलचे पुढील चाक ज्या दोन पायांमध्ये बसविलेले असते, त्या जोडीला फोर्क म्हणतात. प्रत्येक पाय म्हणजे एकमेकींत सरकणाऱ्या दोन नळ्या होत. वरच्या नळ्या हँडलखालच्या दोन आडव्या पट्ट्यांत, म्हणजे कारागिरांच्या भाषेत ‘टी’मध्ये, घट्ट आवळलेल्या असतात, खालच्या नळ्या चाकाबरोबर वर-खाली होतात. आत स्प्रिंग व तेल असते. स्प्रिंग रस्त्याचा धक्का झेलते आणि तेल तिची उसळी आवरते. तेलाने उसळी आवरणारा असा फोर्क जर्मनीतील बी.एम.डब्ल्यू. कारखान्याने १९३५ साली आपल्या मोटारसायकलींवर बसविला; पुढे ही रचना जगभर रूढ झाली.

या रचनेत एक उणीव आहे. वरच्या नळ्यांना दोन ‘टी’ जोडतात. परंतु खालच्या नळ्यांना जोडणारा मुख्य दुवा म्हणजे चाकाचा ॲक्सल. एकाच बाजूला डिस्क ब्रेक असेल, तर ब्रेक दाबताच त्या बाजूच्या पायावर अधिक जोर येतो. वळणावर गाडी कललेली असताना चाक खड्ड्यात गेल्यास एक पाय दुसऱ्याच्या पुढे जाऊ पाहतो. हे सरकणे अत्यल्प असते. तथापि त्यामुळे चाकाची दिशा किंचित बदलते आणि हँडल डळमळल्याचा भास होतो. खालच्या दोन नळ्यांना टायरच्या वरून जोडणारी जी कमान बसवितात, तिला फोर्क ब्रेस म्हणतात. जुन्या गाड्यांवर पोलादी मडगार्डाचा जाड आधार हेच काम काही अंशी करीत असे.

काडेपेटीचा प्रयोग

रिकाम्या काडेपेटीचे बाहेरचे वेष्टन चिमटीत धरून तिरपे दाबावे. त्याचा आयत सहज कलंडतो. आता आतील कप्पा अर्धा सरकवून पुन्हा दाबावे. वेष्टनाचे कोपरे जागचे हलत नाहीत. वेष्टनाची जाडी वाढलेली नाही; केवळ कोपऱ्यांना आधार मिळाला आहे. दोन नळ्या, ॲक्सल आणि कमान मिळून असाच एक बंदिस्त चौकोन तयार होतो.

धातूची निवड

अशा कमानी बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या असतात. या धातूशी बंगळूर शहराचा संबंध जुना आहे. सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने आणि म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये तेथे विमानांचा कारखाना स्थापन झाला. विमानाचा सांगाडा प्रामुख्याने ॲल्युमिनियमचा असल्याने तो कापण्याचे व घडविण्याचे कौशल्य शहरात रुजले. १९५३ साली हिंदुस्थान मशीन टूल्स हा यंत्रसाधनांचा कारखानाही तेथेच निघाला. आज पीण्या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखान्यांत सुटे भाग नमुन्यानुसार घडविले जातात. या धातूचे मूळ मराठी वाचकांच्याही जवळचे आहे : कोल्हापूर जिल्ह्यातील पठारांवर बॉक्साइट सापडते, आणि बेळगावच्या कारखान्यात बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढतात.

ॲल्युमिनियमची घनता दर घन सेंटिमीटरला २.७ ग्रॅम, तर पोलादाची सुमारे ७.८५ ग्रॅम असते. मात्र ॲल्युमिनियमची ताठरताही पोलादाच्या सुमारे एक-तृतीयांशच आहे. मग लाभ कोणता? पट्टीचा वाकण्यास होणारा विरोध तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ४ मिलिमीटर जाड पोलादी पट्टीऐवजी तितक्याच लांबी-रुंदीची व तितक्याच वजनाची ॲल्युमिनियमची पट्टी घेतल्यास तिची जाडी सुमारे ११.६ मिलिमीटर, म्हणजे २.९ पट भरेल. २.९ चा घन सुमारे २४ होतो. त्याचा एक-तृतीयांश ८. अर्थात वजन तेवढेच राहून जाडीच्या दिशेने वाकण्यास होणारा विरोध सुमारे ८ पट होतो.

घासकाम व चकाकी

यंत्रावरून आलेल्या कमानीवर हत्याराच्या रेषा उमटलेल्या असतात. खोल ओरखड्याच्या तळाशी ताण एकवटतो व वारंवार धक्के बसल्यास तेथून तडा सुरू होऊ शकतो. म्हणून घासकाम केवळ शोभेसाठी नसते. प्रथम बारीक कानशीने कडा गोलसर करतात. नंतर २२०, ४००, ६००, १००० व १५०० क्रमांकाचे पॉलिश पेपर क्रमाने वापरतात. प्रत्येक टप्प्यावर घासण्याची दिशा काटकोनात बदलावी. आधीच्या रेषा पूर्ण नाहीशा झाल्याशिवाय पुढचा पेपर घेऊ नये. ४०० नंतरचे पेपर पाण्यात भिजवून वापरल्यास कण अडकत नाहीत.

१५०० क्रमांकाच्या पेपरावरील कण सुमारे १२ ते १३ मायक्रॉन आकाराचे असतात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. पृष्ठभागावरील उंचसखलपणा या लांबीहून बराच कमी झाला, तरच प्रकाश न विखुरता परावर्तित होतो. ते काम कापडी बफाच्या चाकावर पॉलिशची वडी लावून करतात. चाकावर एकाच जागी फार दाबू नये. ताकद वाढविण्यासाठी या मिश्रधातूंना कारखान्यात सुमारे १६० ते १८० अंश सेल्सियसवर कित्येक तास तापवून मुरविलेले असते. त्याहून बरीच अधिक उष्णता लागल्यास ती ताकद घटते. कपड्याच्या सैल बाह्या चाकात अडकतात. ॲल्युमिनियमची बारीक धूळ पेट घेते. म्हणून पोलाद घासताना उडणाऱ्या ठिणग्या तिच्यापासून दूर ठेवाव्यात.

एक भाग मात्र चकचकीत करू नये. कमान पायांना जेथे टेकते, ती पृष्ठे व बोल्टांची भोके घासकामापासून झाकून ठेवावीत. तेथील धातू झिजला की मोजलेले माप बिघडते.

जोडणी

चुकीच्या मापाची कमान नसलेल्या कमानीहून वाईट असते. दोन्ही पायांमधील मूळ अंतराहून ती थोडी जरी आखूड वा लांब असली, तरी बोल्ट आवळताच पाय आत ओढले जातात वा बाहेर ढकलले जातात. नळ्या समांतर राहत नाहीत. त्या एकमेकींवर घासतात, लहान धक्क्यांना फोर्क दाबलाच जात नाही, आणि बुश व ऑइल सील लवकर झिजतात.

म्हणून जोडणीचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम कमान न लावता एका पायावरील ॲक्सल आवळणारा बोल्ट सैल करून फोर्क अनेकदा दाबावा. पाय आपोआप समांतर येतात. मग तो बोल्ट आवळून कमान जागेवर ठेवावी. फट दिसल्यास ती मोजून तितक्याच जाडीचा पातळ वॉशर घालावा. फट बोल्टाच्या जोराने मिटवू नये. बोल्ट हाताने लावून फोर्क पुन्हा दाबावा व नंतरच पान्याने आवळावेत. ६ मिलिमीटरच्या ८.८ प्रतीच्या बोल्टास सामान्यतः सुमारे १० न्यूटन-मीटर पीळ पुरतो. आटे ॲल्युमिनियममध्ये असल्यास त्याहून कमी. नळीला वेढून बसणारी कमान अति आवळल्यास नळीच दबते. पोलाद व ॲल्युमिनियम यांच्यात पावसाचे पाणी साचल्यास ॲल्युमिनियम गंजते. म्हणून बोल्टांना थोडे ग्रीस लावावे.

शेवटी फोर्क पूर्ण दाबला असता कमान खालच्या ‘टी’ला किंवा हॉर्नला लागत नाही आणि टायर व कमान यांमध्ये बोटभर जागा उरते, याची खात्री करावी. टायरला चिकटून आलेला खडा तेथे अडकला, तर चाक एकाएकी थांबू शकते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. तेव्हा कोणताही बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारून घेणे इष्ट होय.

अभ्यासासाठी प्रश्न

१. पट्टीची जाडी दुप्पट केल्यास तिचा वाकण्यास होणारा विरोध किती पट होईल?

२. १५०० क्रमांकाच्या पेपराने आरशासारखी चकाकी का येत नाही?

३. कमान लावल्यावर फोर्क दाबून सोडला असता तो अडखळत वर आला, तर प्रथम काय तपासावे?