कोणती नोंद किती वेळा उघडली?

प्रश्न : आमच्या ग्रंथालयाची सूची मोंगोडीबीत आहे. कोणती नोंद किती वेळा पाहिली गेली, हे डेटाबेस आपणहून सांगतो का?

उत्तर : नाही. ‘इंडेक्सस्टॅट्स’मधून इंडेक्सचा वापर कळतो, तोही सर्व्हर रीस्टार्ट झाला की शून्यावर. एकेका डॉक्युमेंटचा हिशेब तुम्हालाच ठेवावा लागेल.

नोंदीतच ‘पाहिले’ असं फील्ड ठेवून ‘इन्क’ ऑपरेटरने दर वेळी एक वाढवणं सहज सुचतं, आणि छोट्या सूचीला ते चालेलही. पण मग प्रत्येक वाचनामागे एक लेखन लागतं. ऑपलॉगमध्ये लेखनांची भर पडत राहते, त्या फील्डवर इंडेक्स असेल तर तोही बदलतो आणि लोकप्रिय पुस्तकाच्या एकाच नोंदीवर झुंबड उडते.

मी तरी मोजणी वेगळ्या कलेक्शनमध्ये ठेवेन. पुस्तकाचा आयडी आणि तारीख मिळून ‘की’ करा. ‘अपसर्ट’ वापरला की दिवसाची पहिली नोंद आपोआप तयार होते. तारीख हवीच, कारण गेल्या महिन्यात काय वाचलं गेलं, हे नुसत्या एकूण आकड्यातून कधीच निघत नाही. वर्दळ जास्त असेल तर आकडे ॲपमध्येच साठवून दर मिनिटाला एकदम लिहा. ॲप मध्येच बंद पडलं तर मिनिटभराची मोजणी जाईल. जाऊ द्या, हा काही बँकेचा खातेउतारा नव्हे. सर्च इंजिनांचे बॉट मात्र आधी गाळा.