आजींचा चेहरा कुठे गेला?

गेल्या वर्षी जून महिन्यात महाविद्यालय उघडले, आणि पहिल्याच आठवड्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी प्रयोगशाळेत माझ्याकडे आला. घाटकोपरला राहणारा हा मुलगा मे महिन्याच्या सुट्टीत मित्राच्या आजोळी जाऊन आला होता. कसाऱ्याची लोकल, पुढे घोटीमार्गे कळसूबाईच्या पायथ्याशी असलेली महादेव कोळ्यांची एक वाडी. १६४६ मीटर उंचीचे हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर तुम्हांला भूगोलातून माहीत आहेच. नव्या कॅमेऱ्याने त्याने वाडीतील माणसांची पुष्कळ छायाचित्रे काढली होती. त्यांतले एकच त्याने माझ्यापुढे ठेवले.

दारात बसलेली एक म्हातारी. मागचे अंगण, गोठा, दूरचा डोंगर, सारे कसे स्वच्छ. आजींच्या जागी मात्र नुसती काळी आकृती! "सर, फोटो दाखवला तेव्हा आजी म्हणाल्या, 'माझं तोंड कुठं गेलं रं पोरा?' मला काही सांगता येईना." आधार कार्डावरच्या अंगठ्याएवढ्या चित्राखेरीज त्या आजींचा एकही फोटो घरात नव्हता. दिवाळीत पुन्हा येऊन चांगला फोटो काढून देईन, असा शब्द तो देऊन आला होता. आजींच्या प्रश्नाचे उत्तर आपण शोधू या.

भर दुपारचे ऊन

मुळात त्याने आजींना दारात का बसवले? अंगणात भर दुपारी घेतलेल्या पहिल्या फोटोत डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे आले होते. याचे कारण आकाशात आहे. मे महिन्याच्या मध्यास मुंबईच्या परिसरात सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवसाला शून्य छाया दिवस म्हणतात. किंचित उत्तरेला असलेल्या कळसूबाईच्या भागात तो एखाद-दोन दिवसांनी येतो. उभ्या काठीची सावली तिच्या बुंध्याशीच पडते, तशी भुवयांची सावली डोळ्यांवर आणि नाकाची ओठांवर पडते. म्हणून आजींना सावलीत घेण्याचा विचार योग्यच होता. चुकली ती दिशा. विद्यार्थी घरात उभा राहिला आणि आजी उंबऱ्यावर, उजेडाकडे पाठ करून बसल्या.

चौसष्ट पटींचा हिशेब

कॅमेऱ्यात किती प्रकाश शिरतो हे दोन गोष्टींवर ठरते: भिंगामागील छिद्र किती मोठे आणि झडप किती वेळ उघडी. छिद्राचे माप एफ-अंकाने सांगतात. भिंगाचे नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास म्हणजे एफ-अंक. ५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाला एफ-१६ असताना छिद्राचा व्यास सुमारे ३ मिलिमीटर असतो; एफ-४ असताना १२.५ मिलिमीटर. व्यास चौपट, म्हणजे क्षेत्रफळ सोळापट, आणि प्रकाशही सोळापट.

आता आजींच्या फोटोची नोंद पाहा. कॅमेऱ्याने आपण होऊन एफ-१६ आणि सेकंदाचा १२५ वा भाग निवडला होता. संवेदनक्षमता १०० असताना लख्ख उन्हासाठी हेच माप लागते. पण सावलीतल्या चेहऱ्यासाठी लागत होते एफ-४ आणि सेकंदाचा ३० वा भाग. छिद्रामुळे सोळापट, वेळेमुळे सुमारे चौपट, एकूण चौसष्टपट! आजींच्या चेहऱ्याला हवा होता त्याच्या चौसष्टाव्या हिश्शाइतकाच प्रकाश मिळाला. चेहरा गेला तो इथे.

मग प्रत्यक्ष पाहताना तो विद्यार्थ्याला नीट कसा दिसला? आपला डोळा अंगणाकडून चेहऱ्याकडे वळताच स्वतःला जुळवून घेतो, आणि मेंदू दोन्ही दृश्ये एकत्र मांडतो. कॅमेऱ्याला साऱ्या चित्रासाठी एकच माप निवडावे लागते. समोरचे दृश्य सरासरीने सुमारे १८ टक्के प्रकाश परावर्तित करते असे धरून त्याचा प्रकाशमापक चालतो. चित्राचा मोठा भाग उन्हातल्या अंगणाने व्यापला होता. सरासरी अंगणाची निघाली.

जवळ जाऊन मोजा, मागे येऊन काढा

उपाय सोपा आहे. चेहऱ्याजवळ जाऊन फक्त चेहऱ्याचा प्रकाश मोजायचा, ते माप पक्के करायचे, आणि मागे येऊन फोटो काढायचा. यावर त्या विद्यार्थ्याने चांगली शंका काढली: "सर, मागे आलो की व्यस्त वर्गाच्या नियमाने प्रकाश कमी होणार. मग माप बदलायला नको का?"

समजा, तुम्ही एक मीटरवरून दोन मीटरवर आलात. चेहऱ्यापासून भिंगात येणारा प्रकाश एक चतुर्थांश झाला हे खरे. पण चेहऱ्याच्या प्रतिमेची लांबी आणि रुंदी दोन्ही निम्म्या झाल्या, म्हणजे तिचे क्षेत्रफळही एक चतुर्थांश झाले. पाव प्रकाश पाव जागेवर पसरला. प्रतिमेची उजळता तीच राहिली. म्हणून माप बदलत नाही. समोरून चालत येणारा मित्र जवळ येताना मोठा दिसतो, पण अधिक उजळ होत नाही, हा अनुभव तुमचाही आहे.

मात्र येथे आणखी एक फसगत संभवते. मापकाला चेहराही १८ टक्क्यांचाच वाटतो. सावळा चेहरा त्याहून कमी प्रकाश परावर्तित करतो, त्यामुळे मापकाचे ऐकले तर तो फोटोत गोरा होतो. अशा वेळी प्रकाश थोडा कमी करावा. आजी आहेत तशाच दिसल्या पाहिजेत. ही काळजी नेहमीच घेतली गेली असे नाही. कोडॅक कंपनीच्या रंगतपासणीच्या कार्डावर अनेक वर्षे गोऱ्या स्त्रीचेच चित्र असे. रंग बरोबर की चूक, हे तिच्या कातडीवरून ठरे.

नाव लिहायला विसरू नका

आपल्या मुंबईत छायाचित्रणाची संस्था १८५४ सालीच स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नामांकित छायाचित्रकार. पुढे १८६३ ते १८६६ या काळात विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींच्या छायाचित्रांचा ग्रंथ काढला. त्यात माणसांचे फोटो एकीकडे घेऊन दुसऱ्याच देखाव्यावर चिकटवलेले आढळतात, आणि चित्राखाली बहुधा जमातीचे नाव असते, माणसाचे नसते. म्हणून मी त्या विद्यार्थ्याला दोन गोष्टी बजावल्या: आधी विचारायचे, आणि फोटोच्या मागे नाव लिहायचे.

दिवाळीच्या सुट्टीत तो वाडीवर गेला. सकाळी आठच्या सुमारास आजींना उंबऱ्याच्या आत, तोंड अंगणाकडे करून बसवले. स्वतः बाहेर उभा राहिला. आता मागे काळोखे घर होते, म्हणजे मापक उलट्या बाजूने फसणार! पण त्याने चेहऱ्याजवळ जाऊन माप घेतले होते. नंतर फोटो कागदावर छापून मित्राबरोबर पाठवला. आजींनी तो खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिला, आणि मग विचारले, "थोरल्या जावेचा कधी काढायचा?"

करून पहा

मित्राला खिडकीकडे पाठ करून बसवा. मोबाइलने एक फोटो नेहमीप्रमाणे काढा. दुसरा काढण्यापूर्वी पडद्यावर त्याच्या चेहऱ्याला बोटाने स्पर्श करा. दोन्ही फोटोंच्या तपशिलात झडपेचा वेळ आणि संवेदनक्षमता यांचे आकडे पाहा. बहुतेक मोबाइलचे छिद्र बदलत नाही, तेव्हा या दोन आकड्यांवरून प्रकाशमापन किती पटींनी बदलले याचा हिशेब करा. नंतर मित्राला खिडकीकडे तोंड करून बसवा आणि पुन्हा मोजा.