आपल्या मापाची फेरी

सकाळचा साडेपाचचा सुमार. बाळकुमच्या रेवाळे तलावाकाठी अजून पुरते उजाडलेले नसते. तरी माणसांच्या फेऱ्या सुरू झालेल्या असतात. कोणी सावकाश चालतो, कोणी झपझप. तरणी पोरे धावतात. म्हातारी मंडळी दोन फेऱ्या घालतात आणि टेकून चार गोष्टी बोलतात.

ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात. मासुंदा, उपवन, कचराळी ही नावे आपण ऐकली आहेत. तळ्याकाठी मोकळी हवा मिळते, शिवाय चालायला पैसा पडत नाही. म्हणून एके दिवशी आम्ही आपल्या वर्गाला सांगितले, "उद्यापासून सर्वांनी तळ्यावर यायचे. प्रत्येकाने भराभर दहा फेऱ्या घालायच्या."

इथेच आमची चूक झाली. ती कशी, ते ऐका.

वर्गात एक मावशी आहेत. त्या पाच घरची धुणीभांडी करतात. त्या म्हणाल्या, "गुरुजी, दिवसभर माझे पाय चालतातच की! जिने चढते, पाणी भरते. आता तळ्यावर आणखी कशाला चालू?" आम्ही हसून म्हणालो, "मावशी, काम निराळे आणि व्यायाम निराळा." मावशी गप्प बसल्या.

दुसरे एक भाऊ आहेत. ते रिक्षा चालवतात. दिवसाचे दहा-बारा तास त्यांची बैठक मोडत नाही. ते आमच्या शब्दाखातर आले. पोरे धावताना पाहून तेही धावू लागले. दुसऱ्या फेरीला त्यांच्या छातीवर दगड ठेवल्यासारखे झाले. दरदरून घाम फुटला. ते थोडे बसले आणि कोणाला न सांगता घरी गेले. संध्याकाळी वर्गात हळूच म्हणाले, "गुरुजी, मला काही हे जमायचं नाही."

आमच्या काळजात धस्स झाले. त्याच पावली त्यांना डॉक्टरांकडे नेले. रक्तदाब फार वाढलेला निघाला. आणखी तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, "तूर्त धावणे बंद. मी सांगेन तेव्हा हळूहळू चालायला लागा. आणि छातीत पुन्हा असे झाले, तर अंगावर काढू नका."

आम्ही डॉक्टरांना मावशींचा प्रश्नही विचारला. त्यांनी सांगितले ते असे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली एक प्रमाण सांगितले आहे. मोठ्या माणसाने आठवड्यातून निदान १५० मिनिटे मध्यम गतीची हालचाल करावी. म्हणजे रोज ३० मिनिटे धरली, तर आठवड्यातले पाच दिवस झाले. कामावरची हालचाल, घरकाम, पायी जाणे-येणे, हे सारे त्यात धरतात.

म्हणजे मावशींचे म्हणणे खरे होते. दुसऱ्या दिवशी आम्ही भर वर्गात त्यांची माफी मागितली. मावशी म्हणाल्या, "मग मी तळ्यावर येईन गुरुजी, पण बसायला येईन. दिवसभरात मला बसा म्हणणारं कोणी नसतं."

आता आपण आपले माप कसे काढावे, ते पाहू.

चालताना शेजाऱ्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. ही मध्यम गती. गाणे सहज म्हणता आले, तर गती कमी आहे. दोन शब्दही बोलवेनात, तर गती जास्त आहे. ही खूण घड्याळाशिवाय कळते.

अंतर मोजणेही सोपे आहे. आपली दहा पावले टेपने मोजा. समजा, ती ६ मीटर भरली. म्हणजे एक पाऊल ६० सेंटिमीटर. एका फेरीत ५०० पावले पडली, तर फेरी ३०० मीटरची झाली. अशा दहा फेऱ्या म्हणजे ३ किलोमीटर.

दहा हजार पावले झालीच पाहिजेत, असे लोक म्हणतात. हा आकडा कोठून आला? १९६५ साली जपानात पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीला आले. त्याच्या नावातच दहा हजार पावले होती. तिथून तो आकडा जगभर पसरला. त्याहून कमी चालूनही गुण येतो. अजिबात न चालण्यापेक्षा थोडे चालणे बरे.

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालावे. पायांचे स्नायू रक्तातली साखर वापरतात, त्यामुळे साखर एकदम चढत नाही. मधुमेह असेल त्याने अनवाणी चालू नये. घरी आल्यावर तळपाय पाहावेत. जखम कळत नाही आणि चिघळते.

धावायचे असेल, तर आधी काही आठवडे चालण्याची सवय करावी. मग एक मिनिट हळू धावावे, दोन मिनिटे चालावे. वय झालेले असेल, किंवा रक्तदाब, मधुमेह, हृदयाचे दुखणे असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

छातीवर दाब आला, घाम फुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर तिथेच थांबावे. जवळच्या माणसाला हाक मारावी. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. लाजू नये. त्या दिवशी भाऊ लाजले. आणि लाज वाटावी असे सांगणे आमचे होते.

आता डॉक्टरांच्या परवानगीने भाऊ रोज तीन फेऱ्या सावकाश घालतात. परवा त्यांनी आपल्या कागदावरचा रक्तदाबाचा आकडा स्वतः वाचून दाखवला. मावशी संध्याकाळी काठावर पाय पसरून बसल्या होत्या. दोघांनाही आम्ही शाबासकी दिली.

प्रश्न :
१. मावशींचे म्हणणे खरे का होते?
२. मध्यम गती कशी ओळखाल?
३. तुम्ही दिवसभरात किती वेळ बसता आणि किती वेळ उभे असता? वहीत लिहा. त्यावरून तुमच्या मापाची फेरी ठरवा.